राखालचंद्र पाल यांची नीळकोठी: कृष्णनगरच्या मातीकामाचा एक प्रकरण अभ्यास

लंडनच्या पश्चिमेला क्यू इथे जे प्रसिद्ध वनस्पती उद्यान आहे, त्याच्याकडे उपयोगी वनस्पतींचा एक मोठा संग्रह आहे. बिया, साली, डिंक, दोरखंड, कापडाचे नमुने अशा वस्तूंनी भरलेल्या या संग्रहात बंगालमधल्या निळीच्या कारखान्याची एक प्रतिकृती आहे. हौद, भट्टी, दाब देण्याचे यंत्र, वाळवणीची जागा आणि या सगळ्यांत राबणारी मातीची सुमारे शंभर माणसं. १८८६ साली लंडनला भरलेल्या ‘कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन’ या प्रदर्शनासाठी ती घडवली गेली आणि प्रदर्शन आटोपल्यावर क्यूकडे गेली. घडवणारे होते बंगालच्या नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरचे राखालचंद्र पाल.

एवढीच माहिती असती तर ही वसाहतकाळातल्या एका कुशल कारागिराची गोष्ट ठरली असती. पण नदिया जिल्हा आणि नीळ हे दोन शब्द शेजारी आले की थांबावं लागतं. १८५९ साली निळीच्या सक्तीविरुद्ध शेतकऱ्यांनी जे बंड केलं, त्याची ठिणगी कृष्णनगरजवळच्या चौगाछा गावात पडली. म्हणजे ज्या मुलखाने नीळ पेरायला ठाम नकार दिला, त्याच मुलखातल्या कुंभाराने सत्तावीस वर्षांनी नीळकोठीची, म्हणजे निळीच्या कारखान्याची, नीटनेटकी प्रतिकृती घडवून ती राणीच्या राजधानीत पाठवली. कृष्णनगरमधल्या घूर्णीच्या कुंभारवाड्यात तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला ते बंड आठवत असणार.

वसाहतकाळात मातीच्या बाहुल्यांच्या कलेचं नेमकं काय झालं, हे समजून घ्यायला मला या एका प्रतिकृतीइतकं चांगलं प्रकरण दुसरं दिसत नाही.

घूर्णीचे पाल

घूर्णी हा कृष्णनगरचा जुना भाग, जलंगी नदीच्या काठचा. इथली मातीकाम करणारी कुटुंबं पाल आडनावाची, जातीने कुंभार. नदियाचे राजा कृष्णचंद्र राय (१७१०–१७८३) यांच्या आश्रयाने ही वस्ती भरभराटीला आली अशी परंपरा आहे. राजाच्या दरबाराने जगद्धात्रीच्या पूजेला मोठं रूप दिलं, आणि पूजा म्हटली की मूर्ती आली, मूर्ती म्हटली की कुंभार आला.

मूर्तीचं काम मुळापासून पाहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. बांबू आणि लाकडाचा सांगाडा उभा करायचा. त्यावर भाताच्या पेंढ्याने अंग बांधायचं, सुतळीने घट्ट आवळायचं. मांडी, पोटरी, दंड यांची जाडी इथेच ठरते. पेंढा बांधताना चुकलेलं अंग मातीने सावरत नाही. मग भाताचं तूस घालून मळलेल्या चिकण मातीचा पहिला जाड थर. तो वाळला की तडकतो, आणि तडकणं अपेक्षितच असतं. दुसरा थर बारीक मातीचा, सांध्यांवर चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. बांबूच्या चपट्या कोरणीने नाक, ओठ, बोटांची पेरं. सगळं सुकल्यावर पांढऱ्या खडूचा हात आणि शेवटी चिंचोक्याच्या खळीत कालवलेले रंग. भट्टीचा यात संबंध नाही. मूर्ती पाण्यात जायची असल्याने ती कच्चीच ठेवायची.

आपल्याकडे पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की शाडूचा गणपती बहुतेक साच्यातून निघतो आणि डोळ्यांची आखणी हे वेगळ्या, मुरलेल्या हाताचं काम असतं. बंगालच्या मोठ्या मूर्तीत पेंढ्याच्या बांधणीपासून अंगाचा विचार सुरू होतो. गुडघा वाकवला की मांडीचा मागचा भाग कसा फुगतो, भार एका पायावर टाकला की कंबर कुठे झुकते, हे कुंभाराच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. शरीररचनेची इंग्रजी पुस्तकं बंगालमध्ये येण्याच्या कितीतरी आधीपासून.

म्हणून ‘कृष्णनगरचा वास्तववाद युरोपियनांनी शिकवला’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. गिऱ्हाईक युरोपियन होतं, त्याच्या आवडीने कामाला वळण लागलं, हे खरं. पण वळण लावायला हात आधी तयार असावा लागतो.

लहान बाहुली याच विद्येचं छोटं रूप. पेंढ्याऐवजी बारीक तार किंवा काडी, तुसाऐवजी मातीत कुटलेले तंतू किंवा कापूस. चेहरा पुष्कळदा साच्यातून दाबून घेतात, अंग हाताने घडवतात. वीतभर उंचीच्या बाहुलीत पंजा असतो हरभऱ्याएवढा, आणि त्यात पाच बोटं वेगळी दिसली पाहिजेत. कृष्णनगरचे कारागीर यापुढेही गेले. बाहुलीला खऱ्या कापडाचं धोतर नेसवायचं, डोक्याला खरे केस लावायचे, झोपडीवर खरं गवत शाकारायचं. त्या काळच्या युरोपियन कलासमीक्षकांना हे रुचलं नाही. खरी वस्तू चिकटवली की शिल्पाचा दर्जा उतरतो, अशी त्यांची तक्रार होती. मला ती तक्रार अपुरी वाटते. ज्या परंपरेत देवीला खरं वस्त्र नेसवतात, खरे दागिने घालतात, तिथे मातीच्या माणसाला कापड नेसवणं ही त्याच हाताची सवय होती. समीक्षकांची फूटपट्टी संगमरवराची होती आणि समोरची वस्तू होती पूजेच्या मांडवातून आलेली.

आधी माणसं नावाची होती

नीळकोठीकडे वळण्यापूर्वी याच कलेचा आधीचा एक टप्पा सांगितला पाहिजे, नाहीतर १८८६ मध्ये काय बदललं ते उमगणार नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम बंदरात १७९९ साली जहाजांचे कप्तान आणि व्यापारी यांनी एक संस्था काढली आणि जगभरातून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय उभारलं. आजचं पीबॉडी एसेक्स संग्रहालय त्यातूनच वाढलं. सेलमच्या जहाजांचा कोलकात्याशी मोठा व्यापार होता आणि तो चालायचा बंगाली बनियांच्या मार्फत. बनिया म्हणजे माल जमवणारा, उधारी सांभाळणारा, कप्तानाच्या वतीने बाजाराशी बोलणारा माणूस. यांपैकी काहींचे मातीचे पूर्णाकृती पुतळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेलमला पोहोचले. त्यांतले काही कृष्णनगरच्या श्रीराम पाल यांच्या नावावर आहेत. कच्च्या मातीचे पुतळे, अंगावर खरे कपडे, आणि बंगालपासून अर्ध्या पृथ्वीवर टिकून राहिलेले.

त्या पुतळ्यांना नावं आहेत. दुर्गाप्रसाद घोष. राजकृष्ण मित्र. पुतळा कुणाचा आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक होतं, कारण त्याने त्या माणसाबरोबर देवघेव केलेली होती. कप्तानाने आपल्या परिचिताची आठवण म्हणून हे जपलं. इथे कुंभाराचा हात एका विशिष्ट माणसाचा चेहरा, त्याचं पोट, त्याची बसण्याची ऐट पकडत होता.

प्रदर्शनांचा काळ सुरू झाला आणि मागणी बदलली. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनापासून कृष्णनगरच्या बाहुल्या युरोपात जाऊ लागल्या, नावाजल्या गेल्या. लखनौ आणि पुण्याच्या मातीच्या बाहुल्याही याच वाटेने परदेशी संग्रहांत पोहोचल्या. आता मागणी होती ती नमुन्यांची. भिश्ती, न्हावी, धोबी, पालखीचे भोई, जोशी, पुराणिक. पुढे जातीजमातींच्या नोंदी ठेवण्याचा सरकारी सोस वाढला तशी पूर्णाकृती पुतळ्यांचीही मागणी येऊ लागली, पण ती अमुक माणसाच्या पुतळ्याची नव्हे, तर अमुक प्रांतातला, अमुक जमातीचा माणूस कसा दिसतो ते दाखवणाऱ्या पुतळ्याची. हे काम कृष्णनगरच्याच जदुनाथ पाल यांनी केलं. ४ डिसेंबर १८८३ रोजी उघडलेलं कोलकात्याचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आणि त्यानंतरचं लंडनचं प्रदर्शन या दोहोंच्या संदर्भात त्यांचं नाव येतं.

जदुनाथांच्या हातात कमी कसब होतं असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या विद्येने राजकृष्ण मित्र घडवले, तिलाच आता ‘बंगाली बनिया, एक नमुना’ घडवायला सांगितलं गेलं. चेहरा तितकाच जिवंत, नाव मात्र गेलं.

शंभर माणसांचा कारखाना

राखालचंद्रांची नीळकोठी हा या मागणीचा आणखी पुढचा प्रकार. इथे नमुना एका माणसाचा नाही, एका संपूर्ण उद्योगाचा आहे. कारखान्यातलं काम कसं चालायचं ते ठाऊक असलं म्हणजे ही मातीची माणसं कशात गुंतली आहेत ते कळतं.

फुलोरा धरायच्या सुमारास निळीचं झाड कापायचं आणि पेंढ्या बांधून ताबडतोब कोठीवर आणायचं, कारण पाला सुकला की रंग कमी उतरतो. वरच्या ओळीतल्या हौदांत पेंढ्या रचायच्या, वर आडव्या बल्ल्यांनी दाबायच्या आणि पाणी सोडायचं. दहा-बारा तासांत पाला आंबतो. निवळलेलं पिवळट-हिरवं पाणी खालच्या हौदात सोडायचं. मग माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरतात आणि वल्ह्यासारख्या दांड्यांनी ते दोन-तीन तास झोडपत राहतात. हवा मिसळते, पाण्यावर फेस धरतो, हिरवा रंग हळूहळू निळा होत जातो. झोडपणं कधी थांबवायचं हे अनुभवी माणूस पाणी हातात घेऊन ठरवतो. लवकर थांबवलं तर रंग पाण्यातच राहतो, जास्त झोडपलं तर माल बिघडतो. नंतर निळा गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी काढून टाकतात, गाळ उकळतात, कापडावर गाळतात, लाकडी चौकटीत दाबून त्याची लादी करतात. लादीच्या चौकोनी वड्या कापायच्या, प्रत्येकीवर कोठीचा ठसा मारायचा आणि हवेशीर कोठारात फळ्यांवर दोन-तीन महिने वाळवायच्या. घाई केली तर वड्या तडकतात. तडकलेल्या वडीला बाजारात भाव येत नाही.

यातल्या प्रत्येक पायरीला अंगाची वेगळी ठेवण लागते. डोक्यावर पेंढी घेऊन चालणाऱ्याची ताठ मान, पाण्यात उभं राहून दांडा उचलणाऱ्याचे वर गेलेले खांदे, दाबयंत्राचा दांडा ओढताना मागे रेललेलं धड, वड्या कापणाऱ्याची उकिडवी बैठक. शंभर माणसं घडवायची तर शंभर वेळा विचार करावा लागतो की भार कुठे आहे. पूजेच्या मूर्तीत ही अडचण नसते. महिषासुर कितीही पिळवटलेला असला तरी तो एकटा असतो आणि त्याची ठेवण ठरलेली असते. इथे ठरलेलं काहीच नव्हतं. राखालचंद्रांपुढे नीळकोठीची कुठली मूर्तिपरंपरा नव्हती. ही ठेवण त्यांना हौदाकाठच्या माणसांच्या अंगातूनच शोधावी लागणार होती.

मांडणीही नवी. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मातीची चित्रं मांडताना महाराज सिंहासनावर वरती, दारात पहारेकरी, पायथ्याशी गवळण आणि भाजीवाली, अशी जागा मानाने ठरते. नीळकोठीच्या प्रतिकृतीत जागा ठरते ती कामाच्या क्रमाने. कच्चा माल एका टोकाने येतो, तयार माल दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो, आणि माणूस कुठे उभा राहील हे पाणी कुठून कुठे वाहतं त्यावर अवलंबून असतं. लंडनच्या प्रेक्षकाने डावीकडून उजवीकडे चालत जावं आणि आपल्या कोटाचा निळा रंग कसा तयार होतो ते पाच मिनिटांत समजून घ्यावं, यासाठीची ही मांडणी.

कोठीच्या भिंतीबाहेर

आता निळीचा हिशेब पाहू, कारण तो या प्रतिकृतीत येऊ शकत नव्हता.

बंगालच्या निळीची खरी गोष्ट हौदांत घडत नव्हती, ती दादनीच्या, म्हणजे आगाऊ उचलीच्या, कागदावर घडत होती. मळेवाला गोरा साहेब शेतकऱ्याला बिघ्यामागे साधारण दोन रुपये आगाऊ देई. त्या बदल्यात शेतकऱ्याने आपल्या चांगल्या जमिनीच्या ठरलेल्या भागात नीळ लावायची, भात नाही. हंगामाच्या शेवटी पेंढ्या मोजायच्या त्या कोठीच्या मापाने, भाव द्यायचा तो कोठीने ठरवलेला. मुद्रांकाचा खर्च, बियाण्याचा खर्च, गाडीभाडं वजा जाता शेतकऱ्याच्या नावावर बाकी उरायची ती उरायचीच. ती पुढच्या वर्षी, पुढच्या पिढीकडे सरकायची. नकार देणाऱ्यासाठी कोठीचे लाठीवाले होते, कोठीची कोंडवाड्यासारखी खोली होती.

१८५९ मध्ये दिगंबर विश्वास आणि विष्णुचरण विश्वास यांनी चौगाछात पुढाकार घेतला. हे दोघे आधी कोठीच्याच नोकरीत होते, त्यामुळे आतला कारभार त्यांना माहीत होता. बंड पाहता पाहता नदिया, जशोर, पाबना भागांत पसरलं. मार्च १८६० मध्ये सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. अध्यक्ष होते डब्ल्यू. एस. सेटन-कार, सदस्यांत रिचर्ड टेम्पल होते, जे पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. ५ जून १८६० रोजी या आयोगापुढे हार्दी ठाण्यातल्या चांदपूरचा हाजी मुल्ला नावाचा शेतकरी उभा राहिला. नव्या कुठल्या अटींवर नीळ पेराल, असं त्याला विचारलं. कुठल्याही अटींवर आपलं समाधान होईल असं वाटत नाही, असं तो म्हणाला. पेंढीला रुपया दिला तर? तरी नाही, नीळ पेरण्यापेक्षा परमुलखात जाईन, भीक मागेन.

त्याच वर्षी पावसाळ्यात बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन पीटर ग्रँट कुमार आणि कालीगंगा नद्यांतून बोटीने जात असताना साठ-सत्तर मैलांच्या अंतरात दोन्ही काठांवर शेतकरी, बाया-माणसं दाद मागत उभी होती. ग्रँट यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. दीनबंधू मित्र यांचं ‘नीलदर्पण’ नाटक १८६० चंच. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह यांनी तिथल्या तिथे भरला.

बंडानंतर खालच्या बंगालमधून नीळ ओसरत गेली आणि बिहारकडे, तिरहूत-चंपारणकडे सरकली. नदियात मागे राहिल्या त्या रिकाम्या कोठ्या. म्हणजे राखालचंद्रांनी १८८६ मध्ये जी नीळकोठी घडवली, ती त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातून हद्दपार होत आलेली होती.

ही सगळी माहिती प्रतिकृतीसमोर ठेवली तर पहिला मोह होतो तो कारागिराला दोष देण्याचा: बंडाच्या भूमीतल्या माणसाने साहेबाला हवं ते चित्र रंगवून दिलं. हा निष्कर्ष मी नाकारतो. प्रदर्शनाची मागणी कारखान्याची होती. कारखाना हे चित्र कारखान्याच्या आतच सुरू होतं आणि आतच संपतं. दादन दिली जाते ती शेताच्या बांधावर किंवा कचेरीत, माप मारलं जातं ते पेंढ्या उतरवताना, कर्ज फुगतं ते वहीत. वही उघडी ठेवलेली माती दाखवू शकते, पण वहीत काय लिहिलं आहे ते दाखवू शकत नाही. ज्या चौकटीने ‘उत्पादनाच्या पायऱ्या दाखवा’ असं सांगितलं, तिनेच अन्याय चौकटीबाहेर ठेवला. हे काम मागणी लिहिणाऱ्याने केलं, माती मळणाऱ्याने नाही.

आणि चौकटीच्या आत जे आलं ते खोटं नाही. हौदात कमरेइतक्या पाण्यात उतरून तासन्‌तास झोडपणं हे अत्यंत कष्टाचं काम होतं. माणसांची कातडी निळी पडायची. आयोगाच्या अहवालात शेतकऱ्याची बाजू आली, पण हौदातल्या मजुराची पाठ, मान, पाय दिसण्याची जागा तिथे नव्हती. त्या अंगांची नोंद या मातीत झाली. १८६० चा अहवाल आणि १८८६ ची प्रतिकृती यांत एक खरं, एक खोटं असं काही नाही. एकाच व्यवस्थेचे हे दोन तुकडे आहेत आणि इतकी वर्षं ते वेगवेगळ्या कपाटांत पडून आहेत.

दक्षिण केन्सिंग्टनमध्ये

४ मे १८८६ रोजी लंडनच्या दक्षिण केन्सिंग्टन भागात राणी व्हिक्टोरियाने प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. नोव्हेंबरपर्यंत सुमारे ५५ लाख लोकांनी ते पाहिलं. हिंदुस्थानच्या विभागात ग्वाल्हेरचा दगडी दरवाजा होता, पंजाबातल्या भेरा गावच्या कारागिरांनी कोरलेला लाकडी दरबार होता, आणि अंगणात जिवंत कारागीर बसवले होते. या ३४ कारागिरांतले बरेच जण आग्र्याच्या तुरुंगात हस्तकला शिकलेले कैदी होते. त्यांत बक्षीराम नावाचा म्हातारा कुंभार होता, वय १०२ सांगितलं गेलेला. राणीने त्याचं चित्र रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराकडून काढून घेतलं. ते आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे.

एका बाजूला मातीची माणसं, दुसऱ्या बाजूला माती वळणारा जिवंत माणूस, आणि प्रेक्षक दोघांनाही सारख्याच कुतूहलाने न्याहाळणारा. हिंदुस्थानच्या विभागासाठी वस्तू जमवण्यात ज्यांचा मोठा हात होता ते त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय (१८४७–१९१९) स्वतः लंडनला होते. कोट-पगडीतले सुशिक्षित सरकारी अधिकारी. त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे की लोक त्यांनाही प्रदर्शनातली वस्तू असल्यासारखे टक लावून बघत, त्यांच्या तोंडावर शेरे मारत. कृष्णनगरच्या कारागिरांची नावं छापील पानांवर आली यात याच मुखोपाध्यायांचा वाटा मोठा आहे. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानी कलाकौशल्यावरच्या ग्रंथात त्यांनी या मातीकामाची मनापासून तारीफ केली. आपल्यावर रोखलेली नजर अनुभवलेल्या माणसाने मातीच्या माणसामागचा कारागीर नावानिशी नोंदवला, याचं मला फार मोल वाटतं.

प्रदर्शन संपलं, आणि नीळकोठी क्यूला गेली. तिला वनस्पतींच्या संग्रहात जागा मिळाली कारण नीळ हे झाड आहे. हे वर्गीकरण चुकीचं नव्हतं, पण त्याचा परिणाम झाला. शिल्पकलेचा अभ्यासक तिकडे फिरकला नाही, आणि वनस्पतिशास्त्रज्ञाला बोटांच्या पेरांशी कर्तव्य नव्हतं. १८९७ मध्ये जर्मनीत बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत नैसर्गिक निळीचा व्यापार कोसळला. जो उद्योग शिकवण्यासाठी ती प्रतिकृती होती तोच गेला. उरले ते राखालचंद्रांचं काम आणि त्यांचं नाव.

घूर्णीत पुढे

प्रदर्शनांनी कृष्णनगरचं भलं केलं की वाईट, यावर बंगालमध्ये पुढे बराच वाद झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या कलाशाळेचे प्राचार्य राहिलेले हॅवेल आणि चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रभावाखाली भारतीय कलेचा आदर्श शोधणाऱ्यांना हा वास्तववाद परका वाटला. खरे केस, खरं धोतर, हुबेहूब सुरकुत्या यात त्यांना कला दिसेना. इंग्रज समीक्षकांनी जे कमी लेखलं होतं तेच राष्ट्रीय कलेच्या पुरस्कर्त्यांनीही कमी लेखलं, कारणं मात्र उलटी. घूर्णीच्या कुंभाराला दोन्हीकडून बाहेरच ठेवलं गेलं.

पण हाताची विद्या थांबली नाही. कृष्णनगरच्या परंपरेतले गोपेश्वर पाल १९२४ साली लंडनमधल्या वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात गेले आणि लोकांसमोर झपाट्याने मातीत आकृत्या घडवून त्यांनी सगळ्यांना थक्क केलं. नंतर इटलीत शिकून ते परतले आणि कोलकात्याच्या कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीत त्यांनी कार्यशाळा काढली. १९३० च्या दशकात त्यांनी दुर्गेच्या मूर्तीत मोठा बदल केला: देवी, तिची मुलं, असुर, सगळी एकाच पाठफळीवर चिकटून असायची, ती त्यांनी सुटी केली. प्रत्येकाला स्वतःची जागा, स्वतःचा भार, स्वतःची हालचाल मिळाली. साहेबासाठी भिश्ती आणि न्हावी घडवताना कमावलेलं ज्ञान अशा वाटेने पूजेच्या मांडवात परत आलं.

महाराष्ट्रातही अशीच एक वाट दिसते. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) गणपती घडवणाऱ्या घरातले. ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचा हात ओळखून त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये धाडलं, पुढे करमरकरांनी काही वर्षं कोलकात्यात काम केलं, आणि १९२८ मध्ये पुण्यात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा उभा केला. घरची मूर्तिकला आणि इंग्रजी शिक्षण यांचं त्यांच्या कामात भांडण दिसत नाही. फरक असा की करमरकर ‘शिल्पकार’ म्हणून ओळखले गेले, राखालचंद्र ‘मॉडेल करणारा’ म्हणून. यामागे कौशल्याचा फरक नाही. एकाला शिक्षणसंस्थेचं दार मिळालं आणि दुसऱ्याला प्रदर्शनाचं.

मुंबईकरांना हा विषय पाहायला क्यूला जायची गरज नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या जातीजमाती, पेहराव आणि व्यवसाय यांची मातीची छोटी चित्रं काचेच्या कपाटांत मांडलेली आहेत, त्याच विचाराने घडवलेली. तिथे गेलात तर पगड्यांचे प्रकार पाहून पुढे सरकू नका. हात पाहा: धार लावणाऱ्याचा, कातणारीचा, ओझं पेलणाऱ्याचा. घडवणाऱ्याने सगळं लक्ष तिथे दिलं आहे.

राहता राहिला प्रश्न या वस्तू मांडण्याचा. निळीच्या कारखान्याची प्रतिकृती जिथे कुठे दाखवली जाईल तिथे तिच्या शेजारी १८६० च्या आयोगाच्या अहवालाचं ते पान उघडं ठेवावं, ज्यावर हाजी मुल्लाची साक्ष आहे. त्याच्याखाली दादनीचा हिशेब, बिघ्यामागे दोन रुपयांपासून सुरू होणारा. आणि राखालचंद्र पाल, घूर्णी, कृष्णनगर हे नाव प्रदर्शनाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावं.